अकरावीला तर्कशास्त्र मिळतंय का, आधी बघा

पुढे बीएला तत्त्वज्ञान घ्यायचंय? मग अकरावीचा फॉर्म भरताना कॉलेजच्या विषययादीत तर्कशास्त्र शोधा. मुंबईतल्या प्रत्येक कॉलेजात ते नसतं. सक्तीचं नाही, पण पाया पक्का होतो. त्यात ‘पाऊस पडला तर लोकल उशिरा येते’ हे विधान चिन्हांत मांडायचं, सत्यता कोष्टक (विधान कधी खरं, कधी खोटं याच्या सगळ्या शक्यतांचा तक्ता) भरायचं. लोकल उशिरा आली म्हणजे पाऊस पडलाच, असं म्हणता येत नाही हे कोष्टकात लगेच दिसतं. (मुंबईकराला ते कोष्टकाशिवायही कळतं म्हणा!) बाकी इतिहास, मानसशास्त्र, जे आवडेल ते. बारावी सायन्स-कॉमर्स करूनही बीएला जाता येतं, त्यामुळे गणित जमत असेल तर उगाच सोडू नका. इंग्रजी वाचन मात्र आत्तापासून वाढवा. पुढची बरीच पुस्तकं त्याच भाषेत आहेत.