सोनारानं टोचू नये अशी एक जागा

माझे कान बारशाला टोचले, गिरगावातल्या सोनाराकडे. नाक बारावीनंतर, त्याच पेढीवर, त्याच्या मुलानं. सोनारानंच कान टोचावेत असं आपण म्हणतो आणि कानापुरतं ते मला पटतंही. पण निप्पल टोचायचं ठरवलं तेव्हा आधी हीच सवय मोडावी लागली. कानाची पाळी सहा ते आठ आठवड्यांत बरी होते. इथे नऊ महिने ते वर्ष धरून चालायचं, कधी त्याहून जास्त. टोचायला काही सेकंद लागतात. बाकी सगळं काम त्या वर्षाचं आहे, आणि तेच कुणी नीट सांगत नाही.

मी परळला एका डेंटल क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे. दिवसभर हत्यारं घासायची, पाऊचमध्ये सील करायची, ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, लावायचं. त्यामुळे टोचण्याचे स्टुडिओ बघायला गेले की माझं लक्ष भिंतीवरच्या फोटोंकडे जातच नाही, थेट सिंककडे जातं. पहिल्या ठिकाणी सगळं चकाचक होतं. मुलानं ग्लोव्हज घातले, मग त्याच हातानं मोबाईल उचलला, ड्रॉवर उघडला आणि माझ्याकडे वळला. मी ‘आई बोलावतेय’ सांगून बाहेर पडले. आई भांडुपला होती, तिला पत्ताही नव्हता.

तेव्हा विचारायचं ते असं. ऑटोक्लेव्ह आहे का, आणि दाखवाल का? पार्लरमध्ये निळ्या दिव्याचा डबा असतो ना, तो निर्जंतुकीकरणाचा नाही, मनाच्या समाधानाचा. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ लागते: १२१ अंशांवर किमान १५ मिनिटं, नाहीतर १३४ वर किमान तीन. पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदलला की हत्यार वाफेतून गेलंय एवढं कळतं. जंतू खरंच मेले का ते स्पोअर टेस्ट सांगते. ‘शेवटची स्पोअर टेस्ट कधी केली?’ एवढंच विचारा. समोरचा लगेच उत्तर देतो की तोंडाकडे बघत राहतो, त्यावरून पुष्कळ कळतं. सुई एकदाच वापरायची, सीलबंद, तुमच्यासमोर फोडलेली. टोचायची बंदूक दिसली तर उठून या. ती पूर्ण निर्जंतुक करता येत नाही, आणि बोथट खडा दाबून आत घुसवते. आणि आधार कार्ड मागितलं तर रागवू नका. वय न विचारता टोचणारा माणूस बाकी काय काय विचारत नसेल?

दागिन्याबद्दल आपल्या बायकांचा पहिला विचार सोन्याचा. माझाही तोच होता, आजीच्या मोडीतली छोटी बाळी करून घ्यावी असं. करू नका. २२ कॅरेट सोनं मऊ, त्याला बारीक ओरखडे पडतात आणि ओली जखम त्यांना घासत राहते. गोल बाळी तर सुरुवातीला नकोच. ती फिरते, अडकते, भोक वाकडं बरं होतं. सुरुवातीला सरळ बार, दोन्ही टोकांना गोळ्या. धातू इम्प्लांटच्या दर्जाचं टायटॅनियम, एएसटीएम एफ १३६ या मानकाचं. ‘सर्जिकल स्टील’ हे नाव भारदस्त आहे, पण त्यात निकेल असतं. ज्यांना नकली झुमके घातले की कान चिघळतात त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. हिल रोडवरचे स्वस्त बार वर्षभरानंतरही माझ्या नजरेला नकोत. जाडी साधारण १४ गेज, म्हणजे १.६ मिमी. पहिला बार मुद्दाम लांब घालतात, कारण सूज येते. माझा १६ मिमीचा होता. दोन-तीन महिन्यांनी सूज उतरल्यावर पिअर्सरनंच, म्हणजे टोचणाऱ्यानंच, तो १४ मिमीचा केला. हा बदल चुकवू नका, लांब बार वर्षभर कपड्यात अडकत बसतो.

कधी करायचं? मुंबईत नोव्हेंबर ते जानेवारी. घाम कमी, हवा कोरडी, आणि जूनपर्यंत निदान सुरुवातीची नाजूक फेरी संपलेली असते. पाळीच्या आधीचा आठवडा टाळा, छाती तेव्हा तशीच दुखरी असते. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, किंवा वर्षभरात बाळाचा विचार असेल तर आत्ता नाही. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाच्या झडपेचा त्रास, घरात केलॉइड, म्हणजे जखमेबाहेर वाढत जाणारा वण, होण्याची प्रवृत्ती, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हेपटायटिस बी च्या लसी झाल्यात का बघून घ्या. माझे तीनही डोस कामामुळे आधीच झाले होते.

त्या दिवशी पोटभर जेवून जा. मी वरणभात खाऊन गेले आणि बरं केलं. माझ्या आधीची मुलगी उपाशी आली होती, तिला चक्कर आली. आदल्या रात्री दारू नको, ॲस्पिरिन नको. पिअर्सर खुणा करेल तेव्हा आरशासमोर सरळ उभं राहून स्वतः बघा. झोपल्यावर छाती बाजूला कलते, तेव्हा केलेली खूण उभं राहिल्यावर तिरकी दिसते. पटली नाही तर पुसायला सांगा, लाजू नका. मग दीर्घ श्वास, सोडताना सुई. किती दुखतं? झणझणीत दुखतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि बार आत सरकला की ओसरतं. मी दोन्ही एकाच दिवशी केले, कारण एक झाल्यावर घरी गेले असते तर दुसऱ्यासाठी परत आलेच नसते. त्याची किंमत म्हणजे पुढचे दोन-तीन महिने उताणं झोपणं. तुम्ही पोटावर झोपणाऱ्या असाल तर एकावेळी एकच करा.

आता ते वर्ष.

दिवसातून दोनदा सलाईन, बस. मेडिकलमध्ये १० मिलीच्या प्लास्टिकच्या अँप्युल मिळतात, ‘नॉर्मल सलाईन ०.९ टक्के’ लिहिलेल्या. लेबल वाचा, अगदी तशाच अँप्युलमध्ये स्टराइल वॉटरही येतं. मोठी बाटली उघडून आठवडाभर वापरू नका; उघडली की ती निर्जंतुक राहत नाही. घरी मीठ-पाणी कालवायचं तर प्रमाण हमखास चुकतं, आणि खारट पाण्यानं कातडी सोलते. गॉझ सलाईननं भिजवायचं, दोन मिनिटं ठेवायचं, मऊ झालेली खपली आपोआप येईल तेवढीच पुसायची, कोरड्या गॉझनं टिपायचं. पिवळट-पांढरं वाळलेलं काहीतरी बारवर जमतं, तो पू नव्हे, जखमेतून पाझरणारी लस असते. नखानं खरवडू नका. बार फिरवू नका. कान टोचल्यावर तार फिरवायला आजी सांगायची, तो सल्ला इथे विसरा. फिरवलं की आत भरत आलेली नवी कातडी फाटते आणि बाहेरचा मळ आत जातो.

डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, टी ट्री ऑइल, खोबरेल तेल, यातलं काही नको. हळद तर नकोच, आणि हे लिहिताना मला माझ्या आईची नजर पाठीवर जाणवतेय. तिला तिसऱ्या आठवड्यात कळलं. वन-रूम-किचनमध्ये मी रोज दोन वेळा बाथरूममध्ये सलाईन घेऊन जातेय हे कोणाच्या लक्षात येणार नाही? ती पहिल्यांदा म्हणाली, ‘तुला काही झालंय का गं?’ आजाराची भीती घालवण्यासाठी मला खरं सांगावं लागलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वाटीत हळद आणि साजूक तूप.

टॉवेल हा सगळ्यात मोठा शत्रू. टर्किश टॉवेलचे धागे बारमध्ये अडकतात, आणि एकदा अडकल्यावर जो शब्द तोंडातून निघतो तो इथे लिहिता येत नाही. वडिलांचे पातळ पंचे असतील तर त्यातला एक मागून घ्या. लूफा फेकून द्या. लेसची ब्रा वर्षभर कपाटात. मऊ सुती, शिवण मध्यावर न येणारी वापरा, रोज धुतलेली. रात्रीही सैलसर काहीतरी घाला, म्हणजे चादरीत अडकत नाही. पावसात भिजलात तर ऑफिसला पोचल्यावर आधी कोरडे कपडे. पोहण्याचे तलाव आणि जुहूचं पाणी बरं होईपर्यंत बंद. आणि जोडीदाराला सांगा की तिथे ना हात, ना तोंड. तोंडात किती जंतू असतात हे दातांच्या दवाखान्यात काम करणारीला विचारू नका.

लोकलचं वेगळं सांगते. भांडुप ते परळ स्लो, सकाळी साडेआठची. पहिले तीन महिने मी बॅग छातीशी धरून, दोन्ही हातांची कडी करून उभी राहिले. चौथ्या महिन्यात वाटलं झालं आता सगळं, बॅग पाठीला लावली. घाटकोपरला कोणाचं तरी कोपर बसलं. डावीकडे पुन्हा सूज, बाजूला लाल गाठ, दोन महिने मागे. ती गाठ बघून मी केलॉइड म्हणून रडले होते. नव्हतं. अशी घर्षणाची गाठ त्रास थांबला की हळूहळू बसते. केलॉइड जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जातं. ऑफिसचं आयकार्ड गळ्यातून काढून कमरेला लावलं, बॅग परत पुढे आली, गाठ गेली.

डॉक्टरकडे कधी धावायचं हे मात्र पाठ करा. लाली पसरत चालली, जागा गरम लागते, ठणका वाढतोय, घट्ट पिवळा-हिरवा पू, ताप, काखेत गाठ. यातलं काही दिसलं की त्याच दिवशी. आत गळू होऊ शकतं, आणि ते टोचल्यानंतर कित्येक महिन्यांनीही होतं. घाबरून स्वतः बार काढू नका. वरचं भोक मिटतं आणि पू आतच अडकतो. काढायचा की नाही ते डॉक्टरला ठरवू दे. फॅमिली डॉक्टरांची लाज वाटत असेल तर केईएम, सायन, नायर हॉस्पिटलच्या सर्जरी ओपीडीत जा. तिथे रोज इतकं काही बघतात की तुमच्या बारकडे कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही. आणखी एक: बारवरची कातडी पातळ होऊन धातू खालून दिसायला लागला, तर शरीर बार बाहेर ढकलतंय. मग हट्ट न करता पिअर्सरकडे जाऊन काढून घ्या, नाहीतर चिरून बाहेर येतो आणि वण राहतो.

पुरुषांना हेच सगळं लागू. जिममधला बेंच आणि घामट टी-शर्ट ही त्यांची लोकल.

लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. संवेदना जाते का? कोणाची वाढते, कोणाची कमी होते, आधी सांगता येत नाही. पुढे बाळाला पाजता येतं का? बहुतेकींना येतं, मात्र पाजताना दागिना काढावाच लागतो, आणि वणामुळे एखादी दुधाची नळी बंद झालेली असू शकते. ही शक्यता मान्य करूनच टोचा.

रक्तदान टोचल्यापासून वर्षभर करता येत नाही. आमच्या मंडळाच्या शिबिरात मी ‘हिमोग्लोबिन कमी आहे’ म्हणून सुटले. एमआरआय असेल तर तंत्रज्ञाला आधीच सांगा. छातीचा एक्स-रे असेल तर बार काढायला लावतात. मला क्लिनिकच्या वैद्यकीय तपासणीसाठी काढावा लागला, दोन वर्षं झाली होती तरी. दहा मिनिटांनी परत घालायला गेले तर भोक इतकं आवळलेलं की एक्स-रेवाल्या ताईंच्या बाथरूममध्ये मी पाव तास घाम गाळत होते. बाहेरून ताई विचारतायत, ‘अगं, बरं वाटतंय ना?’ आता पर्समध्ये काचेचा एक रिटेनर, म्हणजे भोक मिटू नये म्हणून बारऐवजी घालायची काडी, ठेवते, सील न फोडलेल्या पाऊचमध्ये.