समुद्रफूल आणि प्रवाळ एकाच टँकमध्ये कसे ठेवावेत

प्रवाळ एकदा दगडाला चिकटवला की तिथेच राहतो. समुद्रफुलाचं (सी अ‍ॅनिमोनी, फुलासारखा दिसणारा प्राणी) तसं नाही. प्रकाश, प्रवाह किंवा बसायची फट मनासारखी नसली तर ते पाय (दगडाला धरून ठेवणारा तळ) सोडवतं आणि रातोरात टँकच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतं. वाटेत ज्या प्रवाळाला स्पर्श होईल तो त्याच्या दंशपेशींनी भाजून निघतो. म्हणून आखणी करायची ती चालणाऱ्याकडे बघून. न चालणाऱ्यांना उरलेली जागा द्यायची. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आधी सहा महिने खपून प्रवाळ सजवतात आणि मग दुकानात ज्याला सरसकट ‘निमो’ म्हणतात त्या, समुद्रफुलात राहणाऱ्या क्लाऊनफिशच्या हौसेपायी समुद्रफूल घरी आणतात.

इथली मापं ९० × ४५ × ५० सेंमीच्या, म्हणजे सुमारे २०० लिटरच्या टँकची आहेत आणि समुद्रफूल बबल टिप जातीचं धरलं आहे. कार्पेट जातीचं समुद्रफूल अर्ध्या मीटरपर्यंत पसरतं आणि मासेही गिळतं. पहिल्याच प्रयत्नात त्याच्या वाटेला जाऊ नका.

आधी कायद्याचं

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या अनुसूची १मध्ये सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडाही उचलून घरी आणता येत नाही. त्यामुळे भारतातल्या घरगुती टँकसाठी मार्ग उरतो तो मश्रूम, झोअँथिड, लेदर अशा मऊ प्रवाळांचा, तेही टँकमध्ये वाढवलेले आणि बिलासकट घेतलेले. दगडही प्रवाळाचे नकोत. सिरॅमिकचे किंवा कृत्रिम कोरडे दगड १५ ते २० किलो पुरतात. परदेशातल्या वाचकांना टँकमध्ये जोपासलेले हॅमर, टॉर्च असे दगडी प्रवाळ मिळतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पायरी १: पाणी तयार करा आणि थांबा

पाणी आरओ-डीआयचंच (क्षार काढून टाकणाऱ्या गाळणीचं) हवं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातून तांबं, नायट्रेट, सिलिकेट काहीही येऊ शकतं आणि तांबं समुद्रफुलाला अगदी थोडंही सोसत नाही. २० लिटर पाण्याला साधारण ७५० ग्रॅम समुद्री मीठ लागतं. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. छोटा पंप लावून २४ तास फिरवा आणि मग रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजणाऱ्या उपकरणाने मोजा. तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) तयार द्रावणाने जुळवून घ्या. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ला बरोबर असेलच असं नाही.

गाठायचे आकडे असे:

- तापमान २५ ते २६ अंश, क्षारता (खारटपणा) ३५ पीपीटी
- अल्कलिनिटी (पाण्याची आम्लाला तोंड देण्याची ताकद, डीकेएच हे तिचं एकक) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग)
- नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम
- अमोनिया आणि नायट्राइट शून्य

नायट्रेट-फॉस्फेटही शून्यावर आणण्याचा अट्टहास नको. अगदी निर्जीव स्वच्छ पाण्यात मश्रूम आक्रसतात आणि समुद्रफूल फिकट पडतं. अमोनियाचं चक्र (जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) चार ते सहा आठवड्यांत पूर्ण होतं, पण तेवढ्यावर समुद्रफूल आणू नका. सहा महिने तरी जाऊ द्या, कारण नव्या टँकमध्ये आकडे आज एक आणि उद्या भलतेच असतात. प्रवाळ तो झोका सोसतो, समुद्रफूल चालायला लागतं.

पायरी २: बेट आणि जाळ्या

सगळे दगड एका ढिगात रचू नका. मोठा ढीग एका बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूला समुद्रफुलासाठी एकच सुटा दगड, म्हणजे त्याचं बेट, मध्ये १५ सेंमी उघडी वाळू सोडून. बबल टिपला पाय खोल फटीत रोवायला आणि वर फक्त तंतू पसरायला आवडतं. म्हणून बेटाच्या दगडात तीन-चार सेंमी रुंद, खोल भोक असलंच पाहिजे. तसा दगड नसेल तर दोन दगड इपॉक्सीने जोडून फट तयार करा. उघडी वाळू ओलांडायला ते सहसा नाखूश असतं. सहसा म्हटलं आहे, हमी नाही.

आता पंप. फिरणारं समुद्रफूल पॉवरहेडमध्ये (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपात) ओढलं गेलं की त्याचा चक्क कीस होतो, पाण्यात विष पसरतं आणि मासे-प्रवाळ सगळंच एका रात्रीत जाऊ शकतं. प्रत्येक पॉवरहेडवर स्पंजचं आवरण किंवा बारीक जाळी बसवा; ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेच्या) तोंडाला आणि टँकमध्ये बुडालेल्या हीटरलाही जाळी हवी. स्पंज दर आठवड्याला पिळून धुवा, नाहीतर प्रवाह अर्ध्यावर येतो आणि नेमक्या त्याच कारणाने समुद्रफूल जागा सोडतं.

पायरी ३: समुद्रफूल निवडा आणि सोडा

दुकानात तोंड बघा. ते घट्ट मिटलेलं हवं. आ वासून आतलं बाहेर आलेलं असेल तर घेऊ नका. पाय फाटलेला नको. पांढरंफटक समुद्रफूल ‘दुर्मीळ’ म्हणून महाग विकलं जातं, पण त्याच्या अंगातलं अन्न बनवणारं शेवाळच निघून गेलेलं असतं. भडक पिवळं किंवा जांभळं दिसलं तर ते रंगवलेलं असण्याचा संशय घ्या.

घरी आणल्यावर नळीने थेंब थेंब पाणी सोडत तासभर जुळवून घ्या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. पॉवरहेड बंद करा, पाय फटीच्या तोंडाशी टेकवा आणि १५-२० मिनिटं हात लावू नका. पाय चिकटला की पंप मंद सुरू करा. चिकटतच नसेल तर भोकं पाडलेली प्लास्टिकची टोपली दोन दिवस उपडी घाला.

दिवे पहिल्या दिवशी निम्म्यावर ठेवा आणि तीन आठवड्यांत वाढवत न्या. बबल टिपला १५० ते २५० पार (वाढीला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश मानवतो. पार मीटर विकत घेण्याची गरज नाही, एका दिवसापुरता कुणाकडून मागून आणला तरी काम होतं.

पायरी ४: मग प्रवाळ

समुद्रफूल एकाच जागी सलग चार आठवडे राहिल्याशिवाय एकही प्रवाळ कायमचा चिकटवू नका. तोवर तुकडे रॅकवर सुटे ठेवा. मग दुपारी ते पूर्ण फुललेलं असताना पट्टी घेऊन मोजा: तंतूंच्या टोकापासून पुढे १५ सेंमीचं वर्तुळ मोकळं. सकाळी आक्रसलेलं बघून मोजलं तर फसाल.

या वर्तुळाच्या लगत मश्रूम आणि झोअँथिड ठेवावेत, ते त्यातल्या त्यात काटक. मश्रूमना ५० ते १०० पारच पुरतो, म्हणून त्यांना दगडाच्या सावलीत खाली बसवा. ग्रीन स्टार पॉलिप मागच्या काचेवर लावा. दगडावर लावलं तर वर्षभरात दगड दिसेनासा होतो. लेदर मात्र टँकच्या दुसऱ्या टोकाला. तो स्पर्श न करता, पाण्यात रसायनं सोडून भांडतो. त्यावर उपाय सक्रिय कोळशाचा: २०० लिटरला १०० ग्रॅम, आधी धुऊन, दर तीन-चार आठवड्यांनी नवा. हॅमर आणि टॉर्च रात्री लांब तंतू काढतात, त्यांना २० सेंमी अंतर द्या. त्यांची आणि समुद्रफुलाची गाठ पडली तर बहुतेक वेळा समुद्रफूलच जिंकतं.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. दगडावर नको तिथे वाढले म्हणून त्यावर उकळतं पाणी ओतायचं नाही, की ब्रशने घासायचं नाही. त्या वाफेने आणि तुषारांनी अख्खं घर आजारी पडू शकतं.

खाणं आणि उन्हाळा

आठवड्यातून एक-दोनदा, वाटाण्याएवढा कच्च्या कोळंबीचा तुकडा. मासळी बाजारातली ताजी कोळंबी सोलून, आरओच्या पाण्यात धुऊन, बारीक तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवली की महिनाभर पुरते. मीठ-हळद लावलेली अर्थातच नको. मोठा तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी तो अर्धवट पचलेला बाहेर टाकला जातो आणि नायट्रेट वाढतं. क्लाऊनफिश समुद्रफूल स्थिरावल्यावरच सोडा. ऑसेलारिस जातीचा क्लाऊनफिश निसर्गात बबल टिपमध्ये राहत नाही. टँकमध्ये पुष्कळदा स्वीकारतो, कधी तासाभरात, कधी महिन्यांनी.

एप्रिल-मे महिन्यांत मुंबईतल्या बंद खोलीत पाणी ३० अंशांच्या वर जातं. नागपूर किंवा पुण्याच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. कोकणच्या दमट हवेत पंख्याचा जोर चालत नाही, तिथे चिलरच हवा. पंख्याने उडालेलं पाणी आरओच्या गोड पाण्याने रोज भरा. मिठाचं पाणी घातलंत तर क्षारता चढत जाते. वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

काय बिघडतं

समुद्रफूल मधूनच फुग्यातली हवा गेल्यासारखं आक्रसतं. ते आतली घाण टाकत असतं, काही तासांत पुन्हा फुलतं. दोन दिवस तसंच राहिलं, तोंड उघडं पडलं, तंतू बोटाला चिकटेनासे झाले तर मात्र क्षारता आणि तापमान लगेच तपासा. दुर्गंधी येऊन अंग विरघळायला लागलं की वाट न बघता बाहेर काढा, ४० टक्के पाणी बदला, नवा कोळसा घाला.

ते प्रवाळाजवळ येऊन बसलं तर पाय ओढून काढू नका. फाटलेला पाय कुजतो. त्यापेक्षा प्रवाळ हलवा. प्रवाळ हलत नसेल तर समुद्रफुलावर सावली धरा आणि पंपाचा झोत त्याच्याकडे वळवा, दोन-तीन दिवसांत ते स्वतःच निघतं.

अल्कलिनिटी घसरलेली आढळली तर दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर मऊ प्रवाळांच्या टँकला वेगळी मात्रा बहुधा लागतच नाही.

आणि एक दिवस बेटावर एकाऐवजी दोन समुद्रफुलं दिसतील. बबल टिप मधोमध फाटून दोन होतं, कधी खाणं भरपूर झाल्याने, कधी ताणाने. आठवडाभर खाऊ घालू नका, दोन्ही तोंडं मिटून जखम भरू द्या. नवं पिल्लू बेट सोडून निघालं तर ते ज्या दगडावर बसेल तो दगड उचलून वेगळ्या टँकमध्ये न्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. २०० लिटरमध्ये बेट एकच मावतं.