संशय इंग्रजीत लिहायचा तर: सस्पेक्ट कुठे, डाउट कुठे

तालुक्याच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. मराठी तक्रारी आणि विम्याचे अर्ज इंग्रजीत करून देणं हे रोजचं काम, आणि त्यात सगळ्यात जास्त घोळ 'माझा संशय आहे' एवढ्याशा वाक्यात होतो.

परवा एक दादा स्वतःच लिहिलेला कागद घेऊन आले. विहिरीवरची मोटर चोरीला गेलेली. लिहिलं होतं, 'आय डाउट माय नेबर स्टोल द मोटर.' वाचणारा याचा अर्थ काय घेईल? शेजाऱ्याने मोटर चोरली असेल असं मला वाटत नाही! नाव घ्यायला बसले आणि त्यालाच सोडून दिलं. आपला 'संशय' दोन्हीकडे चालतो, इंग्रजीत मात्र दोन वाटा वेगळ्या. घडलं असावं असं वाटतं तिथे सस्पेक्ट. घडलं असेल हे पटत नाही तिथे डाउट. मनातल्या मनात 'असावं' लावून बघा, बसलं तर सस्पेक्टच.

आता वाक्य जुळवायचं. आपण माणसा'वर' संशय घेतो म्हणून हात आपोआप 'ऑन' टाइप करतो. तिथे 'ऑफ' हवं: 'आय सस्पेक्ट हिम ऑफ स्टीलिंग द मोटर.' 'आय ॲम सस्पेक्टिंग' तर नकोच, साधा वर्तमानकाळ पुरतो. आणि पुढच्याच ओळीत कारण लिहा: आदल्या रात्री तो विहिरीपाशी दिसला, त्याच्या वावरात तशीच मोटर आहे, जे असेल ते. वॉरंटशिवाय अटक करायची तर कायद्यातही 'रीझनेबल सस्पिशन' असे शब्द आहेत. पूर्वी सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम 41 मध्ये, 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 मध्ये. नुसतं 'मला वाटतं' म्हणून भागत नाही.

संशयिताला सस्पेक्टच म्हणतात, फक्त बोलताना जोर पहिल्या 'सस्'वर द्यायचा. क्रियापदात तो 'पेक्ट'वर जातो. पेपरातल्या 'संशयित आरोपी'चं 'सस्पेक्ट ॲक्यूज्ड' करू नका. एफआयआरच्या छापील नमुन्यात 'सस्पेक्टेड' ॲक्यूज्ड आहे, तेच घ्या.

सस्पिशस हा शब्द जरा दुतोंडी आहे. 'सस्पिशस मॅन' म्हणजे बहुतेक वेळा ज्याच्या हालचाली संशयास्पद आहेत तो. पण 'शी इज सस्पिशस ऑफ हर नेबर' म्हटलं की संशय घेणारी तीच. 'ऑफ' दिसलं की थांबून नीट वाचा.

दवाखान्याच्या कागदांवर 'सस्पेक्टेड डेंग्यू' असेल तर लक्षणं तशी आहेत, पण खात्री अजून झालेली नाही. मेडिक्लेमच्या अर्जात तो शब्द गाळून नुसतं डेंग्यू लिहू नका, रिपोर्ट येईपर्यंत जसाच्या तसा ठेवा.