शेटलंडच्या लोकर महोत्सवाला जाताय? या चुका टाळा

स्कॉटलंडच्या उत्तरेला, साठ अंश अक्षांशावर, शेटलंड बेटांत २०१० पासून ‘शेटलंड वूल वीक’ भरत आला आहे. काळ साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचे पहिले दिवस. विणकामाचे वर्ग, लोकरीच्या प्रतवारीची प्रात्यक्षिकं, गिरणी पाहणं, गावोगावच्या सभागृहांतली प्रदर्शनं असं बरंच काही असतं. पण हे सगळं एका मैदानात नसतं, बेटाबेटांवर विखुरलेलं असतं. बहुतेकांची सुट्टी बिघडते ती हेच लक्षात न घेतल्यामुळे. निवांत सुट्टी हवी असेल तर दिवसाला एकच ठरलेला कार्यक्रम ठेवा आणि उरलेला दिवस मोकळा सोडा. त्या मोकळ्या वेळातच लोकरीचं दुकान, समुद्रकिनारा आणि कुणाशी तरी शेजारी बसून विणणं होतं.

आधी वर्ग, मग मुक्काम: हा क्रम चुकतो

नावाजलेल्या शिक्षकांचे वर्ग तिकीट विक्री सुरू होताच भरतात. म्हणून अनेक जण आधी वर्गांच्या मागे लागतात आणि राहण्याचं नंतर बघतात. शेटलंडमध्ये हा क्रम महागात पडतो. लर्विक हे एकच मोठं गाव, खोल्या मोजक्या, आणि त्यातल्या बऱ्याच खोल्या ऊर्जाप्रकल्पांवर काम करणाऱ्यांनी वर्षभर धरलेल्या असतात. त्या वर्षीच्या तारखा जाहीर झाल्या आहेत याची खात्री करा, मग मुक्काम, मग बोट किंवा विमान आणि त्यानंतर वर्ग, असा क्रम ठेवा. मुक्काम रद्द करता येईल असाच घ्या. एकही वर्ग मिळाला नाही तरी सहल वाया जात नाही. पुष्कळ प्रदर्शनांना आणि विणकाम मेळाव्यांना आधी जागा राखावी लागत नाही.

बोटीवर पहिल्याच रात्री होणारी चूक

ॲबरडीनहून लर्विकला रात्रीची बोट जाते. थेट असेल तर संध्याकाळी सातला सुटून सकाळी साडेसातला पोचते. वाटेत ऑर्कनी बेटांवरच्या कर्कवॉलला थांबणारी बोट पाचलाच निघते. ती आणि ही एकच समजून बंदरावर सहाला पोचणारे दर वर्षी असतात. तिकिटावरची वेळ नीट वाचा.

दुसरी चूक सामानाची. बोट सुटल्यावर गाड्यांच्या डेकवर जाऊ देत नाहीत. रात्रीचे कपडे, औषधं, चष्मा आणि विणकाम एका छोट्या पिशवीत काढून वर न्या. मोठी बॅग गाडीत राहू द्या.

तिसरी चूक विणकामाचीच. हलत्या बोटीत नक्षीचा तक्ता वाचत रंगीत नमुना विणायला बसलात की पोटात ढवळायला लागतं. नजर सतत कागदावरून टाक्यांवर आणि टाक्यांवरून कागदावर फिरते, कानातला तोल मात्र वेगळंच सांगत असतो. शेटलंडच्या दक्षिणेकडच्या संबरा टोकापाशी भरती-ओहोटीचे प्रवाह एकमेकांना भिडतात, तिथे समुद्र जास्त उसळतो. बोटीसाठी साधी गोल वीण ठेवा, मोज्याचा पाय किंवा टोपीचा काठ, जे न बघता विणता येतं. मळमळीची गोळी घेत असाल तर ती बोट सुटायच्या आधी घ्या, त्रास सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

विमानाने आलात तर संबरा विमानतळ लर्विकपासून सुमारे ४० किलोमीटर दक्षिणेला आहे. धुकं आणि वारा यांमुळे विमानं अडकतात, बोटीही रद्द होतात. म्हणून परतीची बोट आणि घरी जाणारं लांबचं विमान यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. हा दिवस कापून पैसे वाचवायला जाऊ नका.

नकाशावर जवळ दिसतं म्हणून

सकाळी लर्विकला वर्ग आणि दुपारी उत्तर टोकाच्या अन्स्ट बेटावर, असा बेत कागदावर जमतो, प्रत्यक्षात जमत नाही. लर्विक ते टॉफ्टचा धक्का पाऊण तास गाडी, तिथून येल बेटावरच्या उल्स्टाची फेरी (गाड्या नेणारी बोट) सुमारे वीस मिनिटं, मग येल ओलांडायचं, पुन्हा गचर ते बेलमाँट दहा मिनिटांची फेरी आणि पुढे हॅरल्ड्सविकपर्यंत गाडी. फेरीची वाट पाहण्याचा वेळ धरला की एका बाजूला दोन ते अडीच तास जातात. अन्स्टला जायचं तर अख्खा दिवस द्या, जमल्यास एक रात्र राहा. टॉफ्टच्या फेरीवर गाडीची जागा जाताना आणि येताना दोन्ही वेळची आधीच राखा. परतीची विसरलात तर संध्याकाळी रांगेत उभं राहावं लागतं.

एवढं लांब जायचं ते हॅरल्ड्सविकच्या वारसा केंद्रातल्या जाळीदार शाली पाहायला. अन्स्टची बारीक वीण म्हणजे एकपदरी, केसासारख्या धाग्याची. अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येते. काचेच्या कपाटासमोर घाईने फिरलात तर ती फक्त पांढरं कापड दिसते. एका कोपऱ्यापाशी थांबा. काठाचे कंगोरे कुठे सुरू होतात, मधल्या चौकोनाला कुठे जोडले आहेत, एक जाळीचा टाका आणि दोन एकत्र विणलेले टाके यांची जोडी कशी चालते, हे दहा मिनिटं शोधत राहा. मग शाल ‘वाचता’ येते.

गाडी चालवताना लक्षात ठेवा: आडरस्ते एकपदरी असतात आणि मध्ये मध्ये गाडी बाजूला घ्यायच्या जागा असतात. अशी जागा डाव्या हाताला असेल तर तिथे वळून थांबा. उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा आणि समोरच्याला त्या जागेत येऊ द्या. लोक इथेच उलट करतात. मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या असतात, त्यांना उठायला वेळ द्या. गाडी नसेल तर बसचं वेळापत्रक हातात घेऊनच वर्ग निवडा, रविवारी बस फारच कमी असतात.

चुकीच्या ऋतूच्या अपेक्षा

पफिन पक्षी पाहायचेत म्हणून येणारे निराश होतात. पफिन ऑगस्टच्या मध्यापर्यंत कडे सोडून समुद्रात गेलेले असतात. सील मात्र दिसतात, नशीब असेल तर पाणमांजरही. छत्री आणू नका, वाऱ्यात ती एक दिवसही टिकत नाही. वारा न शिरणारं जाकीट, आत पातळ लोकरी थर आणि पाणी न शिरणारे बूट, एवढं पुरतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा लांबचं फिरणं सकाळी उरका.

वर्गात होणाऱ्या चुका

वर्गाच्या माहितीत ‘सोबत काय आणायचं’ ही ओळ असते आणि तीच वाचायची राहते. टाके आधी घालून आणायला सांगितले असतील तर घालूनच जा, नाहीतर पहिला अर्धा तास त्यातच जातो. गोल सुई की दुटोकी सुयांचा संच, हे नीट पाहा.

शेटलंडचा कमरेला बांधायचा विणकाम पट्टा वापरायला शिकायचं असेल तर लांब, पोलादी, दुटोक्या सुयाच लागतात. स्थानिक बोलीत विणकामाला ‘मॅकिन’ आणि सुयांना ‘वायर्स’ म्हणतात. पट्ट्यावर चामड्याची, आत घोड्याचे केस भरलेली, भोकं पाडलेली गादी असते. उजव्या सुईचं मागचं टोक एखाद्या भोकात खोचायचं. सुईचं वजन पट्टा पेलतो, उजवा हात फक्त धागा टाकायला मोकळा राहतो. नवशिके दोन चुका करतात. गादी पोटावर मधोमध घेतात, ती उजव्या बाजूला कमरेशी हवी. आणि सवयीने उजवी सुई मुठीत घट्ट धरून ठेवतात. मूठ सोडल्याशिवाय वेग येत नाही. पहिला तास विचित्र वाटणारच, तेवढ्यावरून पट्टा बाजूला ठेवू नका.

रंगीत विणीत सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे कापड आक्रसणं. कारण एकच: त्या वेळी न विणल्या जाणाऱ्या रंगाचा, मागून जाणारा आडवा धागा आखूड राहतो. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरवा आणि मगच नवा रंग घ्या. तरीही ओढ येत असेल तर काम आतली बाजू बाहेर करून विणा, धाग्याला बाहेरच्या वळणाने थोडं जास्त अंतर जावं लागतं.

नमुना मध्येच फिका पडल्यासारखा दिसतो त्याचं कारण रंग नसतो, दोन धाग्यांची हातातली जागा बदललेली असते. खालून येणाऱ्या धाग्याचा टाका किंचित मोठा पडतो आणि उठून दिसतो. नक्षीचा रंग कायम खालून, पार्श्वभूमीचा वरून. चहाला उठून परत आल्यावर धागे उलटे उचलले जातात, तेवढं तपासा.

लोकर घेताना

लर्विकला जेमिसन अँड स्मिथ आणि जेमिसन्स ऑफ शेटलंड ही दोन वेगळी दुकानं आहेत, वेगळ्या कंपन्या आहेत. नावांमुळे गोंधळ होतो. पहिली नॉर्थ रोडवर, शेतकऱ्यांकडून लोकर विकत घेऊन तिची प्रतवारी करणारी. दुसरीची सूतगिरणी पश्चिमेला सँडनेसमध्ये आहे आणि दुकान लर्विकच्या कमर्शियल स्ट्रीटवर. दोघांचेही गुंडे २५ ग्रॅमचे. पहिल्याच्या दोनपदरी ‘जंपर वेट’मध्ये सुमारे ११५ मीटर, दुसऱ्याच्या ‘स्पिनड्रिफ्ट’मध्ये १०५ मीटर. रंगांचे क्रमांक एकमेकांना लागू पडत नाहीत. एका नमुन्यातला क्रमांक दुसऱ्या दुकानात सांगितलात तर भलताच रंग हाती येईल. गुंड्याच्या पट्टीवरचा रंगक्रमांक आणि रंगाईच्या खेपेचा क्रमांक दोन्ही जुळवून घ्या आणि पार्श्वभूमीच्या रंगाचा एक गुंडा जास्तीचा घ्या.

हाताला खरखरीत लागली म्हणून लोकर परत ठेवणं ही मोठी चूक. धुतल्यावर तंतू फुलतात आणि कापड मऊ होतं. न रंगवलेल्या नैसर्गिक छटाही पाहा: तांबूस तपकिरी ‘मूरिट’, गडद करडी ‘शेला’. निवडलेले रंग शेजारी ठेवून फोनवर कृष्णधवल फोटो काढा. दोन रंग फोटोत सारखेच दिसले तर कापडावरही नक्षी विरून जाईल, मग एक लाल आणि दुसरा हिरवा का असेना.

यंत्रात धुता येणारी गुळगुळीत लोकर घेऊन गोल विणलेला अंगरखा पुढून उघडा करण्यासाठी मधोमध कापायचा विचारही करू नका. शेटलंडचे टाके कापल्यावर सुटत नाहीत ते तंतू एकमेकांना धरून राहतात म्हणून. गुळगुळीत केलेल्या लोकरीत ही पकड नसते, कापलेली कड उसवत जाते.

कच्ची, न धुतलेली लोकर पिशवीत भरून आणू नका. बऱ्याच देशांत प्राणिजन्य कच्च्या मालावर निर्बंध असतात. कातलेलं सूत घ्या.

परतल्यावर: माप चुकतं ते इथे

गोल विणायच्या कामासाठी मापाचा सपाट तुकडा विणून टाके मोजले की माप फसतं, कारण उलट ओळींचा ताण वेगळा असतो. दुटोक्या किंवा गोल सुईवर ४० टाके घाला. प्रत्येक ओळ सुलट विणा. ओळ संपली की काम न वळवता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, धागा मागून सैल सोडा आणि पुन्हा उजवीकडून सुरुवात करा. शेवटी मागचे सैल धागे मधोमध कापा. तुकडा कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, टाचण्या लावून सपाट वाळवा. मग मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. सव्वातीन मिलिमीटरच्या सुईवर ३० च्या आसपास आले पाहिजेत. जास्त आले तर सुई जाड घ्या, कमी आले तर बारीक. हात मुद्दाम सैल किंवा घट्ट करू नका, चार ओळींत तो मूळ पदावर येतो.