सत्तावीस ऐकून बहात्तर लिहिणारी पोरं

बेळगावात मी बरीच वर्षं घरी शिकवणी घेते. पालक येतात ते एकच वाक्य घेऊन: "बाई, ह्याला गणिताची भीतीच बसलीय." कशाची भीती म्हणून विचारलं तर भागाकार, अपूर्णांक अशी नावं घेतात. मी त्यांना दुसरीच्या जुन्या वह्या आणायला सांगते. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं, आणि ते बेरजेचं नसतं, आकड्यांच्या नावांचं असतं.

मोजायच्या वस्तूंचं फार कौतुक नको. चिंचोके, खराट्याच्या काड्या, जे हाताशी असेल ते. दहा काड्यांना रबर लावला की झाला गठ्ठा. 'गठ्ठा' आणि 'सुट्या' एवढे दोनच शब्द आठवडाभर चालू द्या; एकक-दशक शाळेत शिकवतातच. वीसपर्यंतची बेरीज-वजाबाकी काड्यांवर आपोआप येते, त्यात शिकवण्यासारखं काही नाही.

अडतं ते विसाच्या पुढे. पोर 'सत्तावीस' ऐकतं आणि ७२ लिहितं. तुम्ही डोक्याला हात लावता. जरा त्याच्या जागी बसून ऐका: आधी सात आला, मग वीस. ऐकलं तसं त्यानं लिहिलं, आणि त्यावर लाल फुली पडली. का पडली हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

मी सुरुवातीला काय करायचे ते सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. चुकलेला आकडा दहा वेळा लिहायला लावायचे. त्यानं फार तर अक्षर सुधारतं. दुसरी युक्ती मला स्वतःलाच फार हुशारीची वाटली होती: "आधी ऐकू येईल तो उजवीकडे लिही, नंतरचा त्याच्या डावीकडे." आठवडाभर सगळी उत्तरं बरोबर. मी खूश, आईबाप खूश. मग आला एकशे सत्तावीस. एका पोरीनं उजवीकडे एक लिहिला, त्याच्या डावीकडे सात, त्याच्या डावीकडे दोन, आणि २७१ लिहून माझ्याकडे बघितलं. माझा नियम तिनं तंतोतंत पाळला होता. पुढे महिनाभर ती पेन्सिल उचलायच्या आधी माझा चेहरा वाचायची. ही युक्ती तुम्हाला कुणी सांगितली तर त्याचा चहा पिऊन घरी या.

आता मी करते ते असं. मी आकडा बोलून संपेपर्यंत पेन्सिल खाली. मग एकच प्रश्न: "शेपूट काय?" मराठी आकड्याचं शेपूट त्याचं घर सांगतं. वीस, तीस, चाळीस सरळ ऐकू येतात. पन्नाशीत 'वन्न' नाहीतर 'पन्न', साठीत 'सष्ट', सत्तरीत 'हत्तर', पुढे 'ऐंशी' आणि 'ण्णव'. "हत्तर, म्हणजे सत्तरीचं घर" असं पोर म्हणालं की आधी सात गठ्ठे मांडायचे, मग सुट्या, आणि मगच वहीत लिहायचं. ओळीनं विचारू नका. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट पोरं गाण्यासारखं म्हणून दाखवतात, कळलेलं काही नसतं. एकदम त्र्याहत्तर विचारा, मग छत्तीस, मग त्रेसष्ट. दिवसाला पाच आकडे. सहावा नको, पोर रंगात आलं असलं तरी नको.

या घरांत एक घुसखोर आहे, 'एकोण'. एकोणपन्नासचं शेपूट पन्नास, म्हणून पोर ५९ लिहितं. नाहीतर 'एक' ऐकून ५१. इथे शेपटाचा नियम चालत नाही हे आधीच सांगून टाका, चुकल्यावर नव्हे. पाच गठ्ठे त्याच्या हातात द्या आणि त्यातली एक काडी ओढून पळवा. "पन्नासला एक उणी!" पोरं खिदळतात आणि विसरत नाहीत. ९९ ला मात्र कुणी एकोणशंभर म्हणत नाही. का, असं पोरानं विचारलं तर भाषेची खोडी आहे म्हणायचं आणि पुढे जायचं.

आपल्या भागात यासाठी एक शिडी फुकट मिळते, आणि आपण ती भिंतीला टेकवून ठेवतो. गल्लीत खेळून, बाजारात हिंडून पोराच्या कानावर कानडी आकडे असतातच. इप्पत्तु म्हणजे वीस, एळु म्हणजे सात, सत्तावीस म्हणजे इप्पत्तेळु. लिहितो त्याच क्रमानं. एकोणतीससुद्धा सरळ: इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. सतराही हदिनेळु, आधी दहा मग सात. इंग्रजी माध्यमाच्या पोरांचं सेव्हनटीन तिथे उलटं पडतं. म्हणून अडलेल्या पोराला मी आकडा कानडीत सांगते. तो बिनचूक लिहितो. मग म्हणते, "हाच आपला सत्तावीस."

महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन दिलं, तर विधानसभेपर्यंत थट्टा झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. लिहितो त्याच क्रमानं आकडा वाचला की पोरांना सोपं जातं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. फक्त सत्तावीस सोडून चालणार नाही, भाजीवाली सत्तावीसच म्हणणार. आपल्याकडच्या मराठी शाळांत पुस्तकं कर्नाटकाची, त्यामुळे तो वाद आपण लांबूनच बघितला. मला मात्र एका बापानं घरी येऊन सुनावलं होतं: "आकडे शिकवायला पाठवलंय, कानडी कशाला?" सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळतोय, त्याला दुसरीच्या वहीत कशाला बसवायचं?

हातच्याची वजाबाकी गठ्ठ्यांवर सोपी. ५२ मधून २७ काढताना एका गठ्ठ्याचा रबर सोडा, दोन सुट्यांच्या बारा झाल्या. 'शेजाऱ्याकडून उसना घेतला' असं कधीही म्हणू नका. मला एका पोरानं विचारलं होतं, "मग परत कधी द्यायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पाढे पाठ हवेतच. समजलं की पुरे, पाठांतर नको, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण शंभरपर्यंतचे आकडे न चुकता लिहिता येईपर्यंत सुरू करू नका. 'सात नवे त्रेसष्ट' म्हणून ३६ लिहिणाऱ्या पोराला पाढा येतो की येत नाही, हे तुम्ही ठरवणार कसं? कानडीत पाढ्यांना मग्गी म्हणतात, आणि त्यावर पोरं दर वेळी तोच नूडल्सचा विनोद करतात. करू द्या. निपाणीकडे घरात बिड्या वळणारी आजी असेल तर पंचविसाचा पाढा तिच्याकडूनच घ्या: पंचवीस बिड्यांचा कट्टा, चार कट्ट्यांचे शंभर, आणि मजुरी हजाराला. हजाराला कट्टे किती लागतात ते पोराला आजीच्या सुपाशेजारी बसून मोजू द्या. तुम्ही मधे बोलू नका.