वही कोरी परवडली, पण हे नको: आध्यात्मिक रोजनिशीत या चुका टाळा

जानेवारीतल्या पहिल्या उपासनेनंतर किंवा एखाद्या रिट्रीटहून (मनन-प्रार्थनेच्या शिबिराहून) परतताना हुरूप असतो. जाड पुठ्ठ्याची, वर सोनेरी अक्षरांत वचन छापलेली डायरी घेतली जाते. पहिले आठ दिवस दोन-दोन पानं भरतात, मग अर्धं पान, मग नुसती तारीख, आणि लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) लागेपर्यंत डायरी कपाटात. वसईचे कॅथलिक असोत की नगरकडचे प्रोटेस्टंट, गाडी इथेच अडते. पाळक आणि फादर याला आळस म्हणतात. आळस असतोच, पण त्याआधी लिहिण्यातच काहीतरी चुकलेलं असतं. जे पान परत वाचावंसं वाटत नाही, तसलं पान माणूस किती दिवस लिहील?

वहीत प्रवचन देणे

ही सगळ्यांत चिवट चूक. नमुना पाहा:

"आज प्रभू माझ्याशी अद्भुत रीतीने बोलला. आपण सर्वांनी एकमेकांस क्षमा केली पाहिजे. खरोखर त्याची दया थोर आहे. आमेन."

यात खोटं काही नाही, पण कळतही काही नाही. कोणता उतारा वाचला? क्षमा कोणाला करायची? आणि 'आपण सर्वांनी' म्हणजे कोणी? वही तर एकटीची आहे. संडेस्कूल, उपासना, साक्षी, घरोघरच्या प्रार्थनासभा यांतून लहानपणापासून जी ख्रिस्ती मराठी कानावर पडते, तिची वाक्यं इतकी तयार असतात की पेन टेकवलं की तीच उतरतात. लिहिणाऱ्याला वाटतं मनन झालं. झालेलं असतं ते पाठांतर.

त्याच दिवसाची, त्याच बाईची नोंद अशी हवी:

"मत्तय 18:21–35. डोंगराएवढं कर्ज माफ झालेला दास किरकोळ रकमेसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. त्या गळा धरण्यापाशी थांबले. दुपारी थोरल्या जाऊबाई भांड्यांवरून बोलल्या तेव्हा मीही मनात मोजत होते, ही तिसरी वेळ. माफ करावंसं वाटत नाही. एवढंच प्रभूला सांगितलं. पुढे काही सुचलं नाही."

उताऱ्याचा संदर्भ, वाचताना जिथे अडकलो ती एक जागा, दिवसातला एक प्रसंग, मनात जे होतं ते न सजवता, आणि देवाला प्रत्यक्ष काय सांगितलं ते. सहा ते आठ ओळींत बसतं. लिहून झाल्यावर 'आपण', 'नेहमी', 'खरोखर', 'अद्भुत' हे शब्द खोडून पाहा. खोडल्यावर पानावर काही उरलं नाही, तर ती नोंद झालीच नाही असं समजा. आणि वहीत आमेन लागत नाही.

अडकलेली जागा लिहून ठेवण्याला कारण आहे. येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक 1548 साली छापलं गेलं. त्यात ते साधकाला पुन्हा मागे पाठवतात: आधीच्या प्रार्थनेत जिथे समाधान जास्त वाटलं किंवा जिथे कोरडेपणा जास्त जाणवला, त्याच ठिकाणी परत जाऊन थांब. वहीत जागा टिपलेली नसेल तर परत जाणार कुठे? पण उतावळ्यांना रोज नवा अध्याय हवा असतो. बायबलमध्ये प्रोटेस्टंट गणनेने 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीनाहून जास्त झाले. जरूर वाचा, पण वाचून झालेल्या अध्यायांवर खुणा करायला वेगळा कागद ठेवा. वाचन पुरं करणं आणि एका वचनापाशी दोन दिवस बसणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच वहीत घातली की पहिलं दुसऱ्याला खातं.

प्रार्थना करता करता लिहिणे

डोळे मिटले, एक वाक्य सुचलं, लगेच पेन. मग पुढचा सगळा वेळ वाक्य चांगलं कसं करावं यात जातो. पेन हातात असलं की माणूस ऐकत नाही, शब्द जुळवत बसतो. 'आध्यात्मिक साधने'त यावर सरळ उपाय आहे. तासभराची प्रार्थना पूर्ण संपवायची, मग पाव तास बसून किंवा येरझारा घालत ती कशी झाली ते पाहायचं. बिघडली असेल तर का बिघडली ते शोधायचं, चांगली झाली असेल तर आभार मानायचे. लिहिणं त्या पाव तासात. तुमची प्रार्थना वीस मिनिटांची असेल तर पाच मिनिटं पुरे. तोवर वही मिटलेली, आणि शक्यतो दुसऱ्या खोलीत. दुसरी खोली नसेल तर पिशवीत.

खुणा मागत बसणे

नोकरी, लग्न, परदेशी जाणं, सेवेत पडणं. असा मोठा निर्णय समोर आला की वहीचा सूरच बदलतो. "प्रभू म्हणाला, जा." दोन दिवसांनी, "प्रभू म्हणाला, थांब." प्रत्येक योगायोगाला अर्थ चिकटतो: बसवर लिहिलेलं वचन, अचानक आलेला फोन, उघडलं ते पान. पानामागून पानं भरतात आणि माणूस होता तिथेच.

या चुकीची सर्वांत प्रामाणिक नोंद खुद्द इग्नेशियस यांच्याच रोजनिशीत आहे, म्हणून ती नीट पाहण्यासारखी. रोम, 1544. येशूसंघाच्या चर्चना कायमचं उत्पन्न असावं की नसावं, हा प्रश्न होता. त्यांनी दोन्ही बाजूंची कारणं मांडून ठेवली होती आणि मनाचा कल पहिल्यापासून 'काहीही उत्पन्न नको' याच बाजूला होता. 2 फेब्रुवारीपासून ते रोजच्या मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) आधी, मिस्सात आणि नंतर काय वाटलं ते लिहीत गेले. डोळ्यांत पाणी आलं का, किती आलं, कुठे आटलं. निर्णय देवाला अर्पणही करून झाला. तरी त्यांना आणखी एक खूण हवी होती, मग त्यावर आणखी एक. 12 मार्चला मनात काहीच नव्हतं, नुसता कोरडेपणा. अजून काही मिस्सा कराव्यात का, असा विचार चालू असतानाच त्यांच्या लक्षात आलं की प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. आपल्याला हवं आहे ते एवढंच, की भरून आल्याच्या क्षणी, आपल्या मनासारखा शेवट व्हावा. त्यांनी तिथेच विषय बंद केला. तोवर 40 दिवस झाले होते.

जे इतरांना विवेक शिकवत होते त्यांना 40 दिवस लागले, तर तुमच्याआमच्या वहीत काय होत असेल याचा अंदाज करा. तेव्हा काही सवयी सक्तीने लावून घ्याव्यात. "प्रभू म्हणाला" असं लिहायचंच नाही. "मला वाटलं" लिहायचं, तारीख घालून. अवतरणचिन्हं फक्त शास्त्रातल्या वचनाला, संदर्भासकट. निर्णयासाठी एक वेगळं पान, मधोमध उभी रेघ, दोन्हीकडे कारणं, आणि वर शेवटची तारीख आधीच घातलेली. खुणांना त्या पानावर जागा नाही. तारीख आली की जे ठरलं ते पाळकांना, फादरना किंवा शहाण्या वडीलधाऱ्याला वाचून दाखवायचं. वाचताना आवाज जिथे अडखळतो, तिथे लपवलेलं काहीतरी असतं.

आणि मन कोरडं, जड असताना आधीचा निर्णय फिरवायचा नाही. इग्नेशियस यांचा हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याजोगा आहे. कोरड्या दिवसात नवा विचार आलाच तर लिहा, पुढे "आठ दिवसांनी पाहणे" एवढं टाका आणि वही मिटा.

स्वतःला मार्क देणे

मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली ऑक्सफर्डमध्ये असताना तासातासाची डायरी ठेवत, सांकेतिक खुणांत. एका काळात तर त्या त्या तासातल्या भक्तिभावाला 1 ते 9 असे अंकही देत. हे वाचून हल्ली मोबाइलवर तक्ते करतात: संयम 6, प्रार्थना 4, आठवड्याची सरासरी अमुक. वेस्ली वेस्ली होते. बाकीच्यांच्या वहीचं यातून प्रगतिपुस्तक होतं, आणि 4 पडले की दुसऱ्या दिवशी वही उघडायचीच लाज वाटते.

मोजायचंच असेल तर एकच दोष घ्या. इग्नेशियस यांची पद्धत सोपी आहे: रोज दोन आडव्या रेघा, एक सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंतची, दुसरी तिथून रात्रीच्या जेवणापर्यंतची. दोष घडला की रेघेवर एक ठिपका. रात्री दोन रेघा ताडून पाहायच्या, मग कालच्या आजच्याशी, आठवड्याअखेर मागच्या आठवड्याशी. 'राग' असा गोल दोष घेऊ नका. 'मुलांवर आरडाओरडा' घ्या, ठिपका कधी द्यायचा यात शंका राहत नाही. ठिपक्यांची बेरीज करून कोणाला सांगायची नाही. ज्यांचं मन आधीच पापाच्या भीतीने कुरतडलेलं असतं, त्यांनी तर या रेघांच्या वाटेला जाऊ नये. आधी माणसाशी बोलावं.

बाकीच्या, पटापट

फक्त हसरी पानं लिहिणे: स्तोत्र 13 सुरू होतं तेच 'किती काळ' या प्रश्नाने, आणि पहिल्या दोन वचनांत तो चारदा येतो. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं. शास्त्रात जे चालतं ते तुमच्या वहीत चालायला हरकत नाही.

बुडलेले दिवस मागून भरणे: नको. आठवून लिहिलेलं बहुतेक रचलेलं असतं. रेघ मारा, आजची तारीख घाला.

प्रार्थना विषयांची यादी करून विसरणे: उजव्या पानावरच लिहा, डावं कोरं ठेवा. उत्तर मिळालं, नाही मिळालं, वेगळंच मिळालं, ते त्याच विषयासमोर तारखेनिशी डाव्या पानावर. रविवारी दुपारी वीस मिनिटं मागचा आठवडा वाचायचा. हे वाचन ज्यांना जमत नाही त्यांनी लिहिण्याचे दिवस कमी करावेत, वाचनाचा नाही.

महागडी डायरी: तिच्यात खाडाखोड करायला हात धजत नाही. शंभरपानी साधी वही आणि बॉलपेन. जेलपेनची शाई कोकणातल्या पावसाळ्यात फुटते.

मोबाइल: लिहायला चालेल, पण विमानमोडवर. वचन शोधायला म्हणून उघडलेला फोन कुठे नेऊन सोडतो हे सर्वांना ठाऊक आहे.

पान फोटो काढून स्टेटसला टाकणे: यावर न बोललेलं बरं.

कोण वाचणार हे न ठरवणे

आपल्याकडच्या घरात वही लपत नाही. सासू, मुलं, पाहुणे, कोणाच्याही हाती पडते. त्या धास्तीने माणूस गुळमुळीत लिहू लागतो आणि वहीत प्रवचन परत शिरतं. म्हणून नावांऐवजी आद्याक्षरं. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं गुपित वहीत अजिबात नाही, "एकासाठी प्रार्थना" एवढं बस. पापनिवेदनाच्या (फादरांपुढे पापं कबूल करण्याच्या संस्काराच्या) तयारीचे मुद्दे सुट्या चिठ्ठीवर, आणि संस्कार झाला की चिठ्ठी फाडून टाकायची. वहीत राहील ते पापाचं वर्णन नाही, क्षमा मिळाल्याची तारीख.

इग्नेशियस यांच्याकडे अशा टिपणांचा बराच मोठा गठ्ठा होता. त्यांची जीवनकथा लिहून घेणाऱ्या सहकाऱ्याला त्यांनी तो दाखवला, त्यातलं थोडं वाचूनही दाखवलं. त्याने थोडे दिवस ठेवायला मागितला, तेव्हा दिला नाही. आज त्यातला लहानसा भागच उरला आहे. तुमच्या भरलेल्या वह्यांचं काय करायचं तेही आधीच ठरवा: पुठ्ठ्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आतल्या बाजूला "माझ्यामागे न वाचता जाळाव्यात" किंवा "अमुक व्यक्तीला द्याव्यात" यांपैकी एक ओळ, आणि ही ओळ लिहिली आहे हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवलेलं.