पहिलं टॅक्स इनव्हॉइस फाडण्याआधी : सेवा देणाऱ्यांची तयारी

जीएसटी नंबर हातात आला की पहिल्या बिलाची घाई होते. थोडं थांबा. छोट्या व्यावसायिकांची खाती लिहिताना मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "सेवा आहे ना, मग अठरा टक्के लावून टाका." बहुतेकदा दर 18 टक्केच निघतो. पण आधी ठरवायचं ते हे की सेवा नेमकी कोणती, घेणारा कोण आणि कायद्यानं ती कुठे दिली गेली असं धरायचं.

नंबर अजून घेतलाच नसेल तर उलाढाल मोजा. महाराष्ट्र-गोव्यात सेवा देणाऱ्याची मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे. 40 लाखांचा आकडा मालाच्या व्यापाऱ्यांचा, तो ऐकून गाफील राहू नका. एकाच पॅनवरचे सगळे धंदे एकत्र धरायचे आणि मर्यादा ओलांडल्यावर 30 दिवसांत अर्ज करायचा. पॅन, आधार, फोटो, बँकेचा पुरावा, वीजबिल, भाडेकरार किंवा जागामालकाचं संमतीपत्र स्कॅन करून ठेवा. 50 लाखांपर्यंत 6 टक्क्यांची कंपोझिशनसारखी, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दरानं कर भरायची, योजनाही आहे. पण तुमचे ग्राहक नोंदणी असलेल्या कंपन्या असतील तर ती घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या बिलावर त्यांना क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची आपल्या करातून वजावट, मिळत नाही आणि तुम्हाला परराज्यात सेवा देता येत नाही.

आता एसएसी कोड, म्हणजे सेवेच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक. तो 99 ने सुरू होतो. कपड्याच्या कारखानदाराला शिलाईचं जॉबवर्क करून देणाऱ्याला 5 टक्के, सल्लागाराला 18 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांचा दर जवळपास सगळीकडून गेला, त्यामुळे भिंतीवरचा जुना तक्ता काढून टाका.

मग जागा बघा. नाशिकची एक इंटिरियर डिझायनर, तिचा ग्राहक मुंबईचा आणि काम मडगावच्या फ्लॅटचं. दोघंही महाराष्ट्रातले म्हणून तिनं सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात लागणारे केंद्राचा आणि राज्याचा कर) लावले. पण काम स्थावर मालमत्तेशी निगडित, म्हणून पुरवठ्याची जागा गोवा आणि कर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा. तेच उलट बघा : कामासाठी तुम्ही पणजीच्या हॉटेलात राहिलात तर तिथला कर गोव्याचा, महाराष्ट्राच्या नंबरावर त्याचं क्रेडिट मिळत नाही. ग्राहक परदेशातला असेल आणि सेवेची जागाही परदेशात ठरत असेल, तर कर न भरता बिल करण्यासाठी दर आर्थिक वर्षाला एलयूटी (हमीपत्र) भरा आणि पैसे परकीय चलनात आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ कोटेशनला द्या. माझ्याकडे खाती असलेल्या एका फोटोग्राफर मुलीनं 1,00,000 रुपयांचं कोटेशन दिलं आणि 'जीएसटी वेगळा' हे दोन शब्द लिहायचे राहिले. ग्राहक वर एक रुपया द्यायला तयार होईना. मग त्या लाखातूनच 15,254 रुपये कर निघाला आणि तिच्या हातात 84,746 उरले. त्यातूनच लाइटवाल्याचं भाडं आणि मदतनिसाची मजुरी गेली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून कोटेशनचा नमुना आजच दुरुस्त करा. आगाऊ रकमेचंही लक्षात ठेवा. मालाच्या ॲडव्हान्सवर कर भरावा लागत नाही, सेवेच्या ॲडव्हान्सवर मात्र पैसे आले त्याच महिन्याचा कर धरावा लागतो. त्यासाठी रिसीट व्हाउचर, म्हणजे आगाऊ रकमेची पावती, तयार ठेवा. बिल सेवा दिल्यापासून 30 दिवसांत निघालं पाहिजे.

रिव्हर्स चार्ज, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं सरकारला कर भरणं, हा लोक हमखास विसरतात. वकिलाची फी, स्वतः कर भरायचा पर्याय न घेतलेल्या मालवाहतूक एजन्सीचं भाडं अशा खर्चांवर कर कोणी भरायचा ते तपासा. 10 ऑक्टोबर 2024 पासून तुमच्या ऑफिसचा जागामालक नोंदणी नसलेला असेल, तर भाड्यावरचा 18 टक्के कर तुम्हीच भरायचा. महिना 20,000 भाडं म्हणजे 3,600 रुपये, तेही जीएसटी पोर्टलवरच्या रोखीच्या लेजरमधूनच (खात्यातूनच). क्रेडिट वापरून चालत नाही. भरल्यावर क्रेडिट मिळतं, पण त्या दिवशी खात्यात पैसे हवेत. सेल्फ इनव्हॉइसही, म्हणजे जागामालकाच्या वतीनं तुम्हीच बनवलेलं बिल, करून ठेवा.

पुरवठादारांच्या बिलांचं क्रेडिट घेण्याआधी दर महिन्याच्या 14 तारखेला पोर्टलवर येणाऱ्या 2बी शी, म्हणजे मिळू शकणाऱ्या क्रेडिटच्या यादीशी, ती जुळवून बघा. बिल 180 दिवसांत चुकतं केलं नाही तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं. मासिक रिटर्न भरणाऱ्यांनी 11 तारीख जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचा तपशील) साठी आणि 20 तारीख 3बी (कर भरायचं रिटर्न) साठी कॅलेंडरवर लाल पेनानं मांडावी. प्रमाणपत्र ऑफिसात दिसेल असं लावा आणि दारावरच्या पाटीवर तुमचा जीएसटी नंबर (महाराष्ट्रात तो 27 ने सुरू होतो) रंगवून घ्या.